‘एकच’ या शब्दाची फसवणूक

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले. त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यानंतर, त्याच वर्षी. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात गणपतराव बोडस सुधाकराच्या भूमिकेत होते, तर बालगंधर्व सिंधूच्या. तेव्हापासून मद्यपानाचे दुष्परिणाम दाखविणारे नाटक अशीच त्याची ख्याती आहे. ती खोटी नव्हे. परंतु नाटकात तेवढेच असते, तर ज्याने दारूचा थेंबही चाखला नाही त्याला ते निर्धास्त मनाने पाहता आले असते. तसे होत नाही. याचे कारण मला असे वाटते की, या नाटकाच्या नावातला खरा शब्द ‘प्याला’ नव्हे, ‘एकच’ हा होय.

सुधाकर हा बुद्धिमान आणि तितकाच मानी वकील. न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो व काही काळापुरती त्याची सनद जाते. अपमान जिव्हारी लागतो. त्या अवस्थेत त्याचाच कारकून तळीराम त्याला दारूचा उपाय सुचवितो. आपण सारा दोष तळीरामाच्या माथी मारून मोकळे होतो. पण तळीरामाने पेला फक्त पुढे केला. त्याची गरज सुधाकराच्या मनात आधीच उभी राहिली होती. आपल्या संतापाचाही या प्रसंगात काही वाटा असेल, हा विचार त्याला नकोसा होता. तो विचार टाळण्यासाठी जो कोणी जे काही देईल ते घ्यायला तो तयार होता.

आता ‘एकच’ या शब्दाची करामत पाहा. दुसऱ्याला फसवायचे तर मोठी थाप रचावी लागते. स्वतःला फसवायला अर्धे सत्य पुरते. ‘एकच घेतो’ असे म्हणणारा त्या क्षणी खोटे बोलत नसतो. त्याच्या हातात खरोखरच एक पेला असतो. फक्त कालचा एक आणि परवाचा एक तो त्यात मिळवीत नाही. खतावणीतली रोजची रक्कम बरोबर, पण बेरीज मात्र कधीच करायची नाही, असा हा हिशेब आहे.

मग माणसाला समज आली म्हणजे तो सुटतो काय? गडकऱ्यांचे उत्तर कठोर आहे. दारूड्याच्या अवस्था एकामागून एक कशा येतात, हे सुधाकर स्वतःच रामलालला विलक्षण स्पष्टपणे समजावून सांगतो. सुटण्याची खरी वेळ पहिल्या प्याल्याच्या आधीचीच, हेही त्याला ठाऊक आहे. पण हे ज्ञानच त्याची नवी सबब बनते: आता सुटका नाहीच, मग प्रयत्न कशाला? पुढे तो निश्चय करतो, कामासाठी दारोदार फिरतो, झिडकारला जातो, आणि जुना अपमान नव्या नावाने पुन्हा कामी येतो.

याच नाटकात दुसरा एक माणूस याच रोगाने ग्रासलेला आहे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष कमी जाते. तो म्हणजे रामलाल. तो सज्जन आहे, सुधारक आहे, सुधाकराला उपदेश करणारा आहे. सुधाकराची बालविधवा बहीण शरद हिच्याविषयी आपल्याला वाटते ते वात्सल्य, अशी त्याची समजूत असते. त्या वात्सल्याच्या आड निराळीच अभिलाषा दडली आहे, हे त्याला उशिरा उमगते. मात्र उमगल्यावर तो सबबी शोधीत बसत नाही. त्या भावनेला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो, आणि शरद व भगीरथ यांच्या वाटेतून बाजूला होतो. दोघांत फरक चांगुलपणाचा नाही, बुद्धीचाही नाही. एकाने बेरीज केली, दुसऱ्याने केली नाही, एवढाच तो फरक आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी असा एखादा पेला असतो. कोणाचा ‘एवढेच कर्ज’, कोणाचा ‘उद्यापासून नक्की’, कोणाचा ‘मी रागावतो ते तुमच्या भल्यासाठी’. त्यावर एक साधी कसोटी आहे. आपण हे महिन्यातून किती वेळा म्हणालो ते मोजावे, आणि तो आकडा घरातल्या एका माणसाला मोठ्याने सांगावा. सांगताना जीभ अडखळली, तर फसवणूक सापडली असे समजावे.

कारण या व्यवहाराचे देणे फसणारा एकटा फेडीत नाही. सुधाकराच्या घरी ते आधी तान्ह्या मुलाने फेडले, मग सिंधूने. अखेर सुधाकर विष घातलेला प्याला तोंडाला लावतो. त्याच्यापुढे आणखी प्याला नसतो. आयुष्यभर उच्चारलेला ‘एकच’ हा शब्द त्या वेळी प्रथमच खरा होतो.