कार्यशाळेत गाव सांगायला बसावं

१९९० साली स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. असोद्याच्या या शेतकरी बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव यांनी आणि नात्यातल्यांनी त्यांच्या ओव्या टिपल्या, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. टिपणारं कुणी जवळ नसतं, तर केवढं धन गेलं असतं! म्हणूनच विद्यापीठातल्या कार्यशाळांना अहिराणी, लेवा बोलणाऱ्या बाया आणि शेतकरी नुसते ऐकायला नव्हे, सांगायला हवेत. यानं दर्जा घसरेल, असं कुणी म्हणेल. पण केळीच्या पानावरचे करपा रोगाचे पिवळे ठिपके आधी दिसतात ते शेतकऱ्यालाच. त्याच्या या नजरेला प्रयोगशाळेची जोड मिळाली तर दर्जा वाढेलच. याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या धुळे-नंदुरबारकरांना जळगाव लांब पडतं, ही अडचण मात्र खरी. मग कार्यशाळाच साक्री, शिरपूर, शहाद्याच्या महाविद्यालयांत न्याव्यात.