फोर्क दोन टनांचा, उचल बारा कॅरेटची

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की पिंपळगाव बसवंतच्या रस्त्यावर कॅरेटांनी भरलेल्या पिकअपची रांग लागते. वीस किलो मालाचं एकेक कॅरेट शेतातून बांधावर, बांधावरून शेडमध्ये, शेडमधून गाडीत असं तीन-चारदा हाताने उचललं गेलेलं असतं. मजूर वेळेवर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग द्राक्षबागेसाठी घेतलेल्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर लावावा, बकेट काढून फोर्क बसवावेत आणि पॅलेटच्या पॅलेट उचलावीत, असं मनात येणं साहजिक आहे. कल्पना चांगलीच आहे. मात्र फोर्क घेताना जे सल्ले कानावर पडतात, त्यातले बरेचसे फोर्कलिफ्टचे असतात, आणि छोटा ट्रॅक्टर म्हणजे फोर्कलिफ्ट नव्हे.

“यावर छाप आहे की! एकेक फोर्क हजार किलोचा, दोन मिळून दोन टन.”

छाप खोटा नसतो. फोर्कच्या उभ्या भागावर किती किलो आणि किती मिलिमीटरवर, असे दोन आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ 1000 आणि 500. टाचेपासून, म्हणजे फोर्क जिथे वळतो त्या जागेपासून, 500 मिलिमीटरवर हजार किलो भार आला तरी हा एक फोर्क वाकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो लोखंडाबद्दल बोलतो, तुमच्या ट्रॅक्टरबद्दल काही सांगत नाही. मोहाडीपासून ओझरपर्यंतच्या मोठ्या पॅकहाउसमध्ये फिरणाऱ्या फोर्कलिफ्टच्या पाठीत ओतीव लोखंडाचं भलंमोठं वजन असतं. अडीच टन उचलणारं मशीन स्वतः साडेतीन-चार टनांचं असतं, म्हणून ते पुढे कलंडत नाही. चोवीस-पंचवीस अश्वशक्तीचा बागेतला ट्रॅक्टर मात्र टनाच्या आतबाहेर असतो. तो दोन टन उचलणार कसा?

“लोडर पाचशे किलोचा आहे, म्हणजे पाचशे किलोचं पॅलेट सहज.”

खरी गफलत इथे होते, म्हणून इथे थोडं आकडेमोडीला बसू. लोडरची उचल बहुतेक वेळा पिनेपाशी मोजलेली असते, म्हणजे जिथे बकेट किंवा फोर्कची फ्रेम अडकते तिथे. पॅलेटवरचा भार पिनेवर नसतो, तो तिच्या बराच पुढे असतो.

समजा, लोडरच्या बाहूच्या मागच्या सांध्यापासून पिनेपर्यंत दोन मीटर अंतर आहे आणि पिनेवर उचल 500 किलो. दोघांचा गुणाकार 1000. लोडरची ताकद म्हणजे हा गुणाकार. भार जितका पुढे, तितके किलो कमी. आता पिनेपुढे फ्रेमची जाडी 15 सेंटिमीटर आणि त्यापुढे पॅलेटचा मध्य 50 सेंटिमीटर धरा. भार 2.65 मीटरवर गेला. फ्रेम आणि हलके फोर्क मिळून 110 किलो, त्यांचा मध्य साधारण 2.25 मीटरवर, म्हणजे हजारातले 247 त्यांनीच खाल्ले. उरलेल्या 753 ला 2.65 ने भागा. उत्तर येतं 284 किलो. त्यातून वीस किलोचं पॅलेट वजा करा. भरलेलं कॅरेट त्याच्या स्वतःच्या वजनासकट साडेएकवीस किलो धरलं, तर बारा कॅरेट बसतात. पॅलेटवर एका थरात पाच, म्हणजे दोन थर आणि वर दोन. एवढाच माल.

हा हिशेब ढोबळ आहे. बाहू वर जाताना कोन बदलतात आणि उचलही बदलते. तुमच्या लोडरची मापं वेगळी असतील, ती टेपने घ्या आणि हेच गणित करा. पण पाचशेचे दोनशे चौऱ्याऐंशी कसे झाले, हे एकदा डोळ्यांखालून गेलेलं बरं.

“फोर्क जाड आणि लांब घ्यावेत, पुन्हा पुन्हा घ्यावे लागत नाहीत.”

सातपूर-अंबडच्या भंगारातून जुन्या फोर्कलिफ्टचे फोर्क स्वस्तात मिळतात आणि फ्रेम कुठलाही फॅब्रिकेटर करून देतो. चाळीस मिलिमीटर जाडीचे, मीटरभराहून थोडे लांब असे दोन फोर्क शंभर किलोच्या आसपास भरतात. तीस मिलिमीटर जाडीचे, 900 मिलिमीटर लांबीचे दोन साधारण पन्नास किलोत बसतात. वरच्याच हिशेबात हे पन्नास किलो वाढवा: बाराऐवजी दहाच कॅरेट उचलली जातील. प्रत्येक फेरीत दोन कॅरेटचं जास्तीचं लोखंड कशाला फिरवायचं?

लांबीचंही तसंच. आपल्याकडे 1200 बाय 1000 मिलिमीटरचं पॅलेट सर्रास आहे; युरोपातलं 1200 बाय 800 चं असतं. फोर्क भाराच्या लांबीच्या निदान दोन तृतीयांशापर्यंत आत गेला पाहिजे, हा जुना नियम. पॅलेट रुंद बाजूने उचललं तर आतली खोली 1000 राहते. त्याला 900 चा फोर्क पुरतो. तेच अरुंद बाजूने उचललं तर खोली 1200 होते, मध्य दहा सेंटिमीटर पुढे सरकतो आणि एक कॅरेट कमी करावं लागतं. शिवाय पॅलेटच्या पलीकडे डोकावणारा फोर्क ड्रिपच्या नळीत, शेजारच्या पॅलेटमध्ये किंवा वेलाच्या खोडात घुसतो.

भंगारातला जुना फोर्क घेणारच असाल, तर आधी टाच बघा. तिथली जाडी मूळ जाडीपेक्षा दहा टक्के झिजली असेल तर फोर्क बाद, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. कारण दहा टक्के झिजेने ताकद सुमारे वीस टक्के घटते. केसासारखी चीर असेल किंवा कोन उघडून तीन अंशांहून जास्त फाकला असेल, तरी बाद. चांगल्या फोर्कचं पोलाद तापवून कडक केलेलं असतं, म्हणून टाचेवर वेल्डिंग करणं किंवा भोक पाडणं म्हणजे त्याची ताकद आपल्या हाताने घालवणं. साध्या चॅनेलचे घरगुती फोर्क रिकामी कॅरेट हलवायला ठीक; माणसं आसपास वावरतात तिथे मी ते लावणार नाही.

बकेटच्या ओठावर चिमट्यासारखे आवळायचे फोर्कही मिळतात. स्वस्त आहेत, पण भार आणखी पुढे नेतात आणि ओठ वाकवतात. शेणखताच्या गोणीपुरते ठीक.

“जास्त एचपी, जास्त उचल.”

नाही. उचल ठरते ती तेलाच्या दाबावर, सिलिंडरच्या व्यासावर आणि बाहूंच्या ठेवणीवर. इंजिन मोठं असेल आणि पंप जास्त तेल देत असेल, तर बाहू लवकर वर जातील, इतकंच. याच समजुतीचा धाकटा भाऊ म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह आवळणं. आवळला की लोडर थोडं जास्त उचलतो हे खरं, पण तो जास्तीचा ताण होज, सील आणि पुढच्या एक्सलवर येतो. कंपनीने ठरवलेल्या दाबाला हात लावू नका.

“मागच्या टायरमध्ये पाणी भरलं की काम झालं.”

हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. पाण्याने मागचं वजन वाढतं आणि ट्रॅक्टर सहजी पुढे कलंडत नाही. पण हे वजन मागच्या एक्सलच्या रेषेवरच बसतं, त्यामुळे पुढच्या एक्सलवर आलेला भार त्याने कमी होत नाही. तो कमी होतो मागच्या एक्सलच्या मागे टांगलेल्या वजनाने, कारण तिथे तरफ चालते. रोटाव्हेटर टांगून ठेवला तरी चालतं. दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून काँक्रीट भरलं, तर सुमारे 240 किलोचा ठोकळा होतो. मजबूत पिना आणि टॉपलिंकची सोय तेवढी नीट करून घ्या. चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर असला तरी पुढचा एक्सल अमर होत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. पुढचा एक्सल मधल्या खिळीवर डुलतो. त्यामुळे ट्रॅक्टर आडवा पडू नये यासाठी सुरुवातीला पुढच्या चाकांची मदत जवळजवळ नसते. पॅलेट वर धरून सरीत किंवा चारीत एक चाक गेलं, की विचार करायला वेळ मिळत नाही. भार जमिनीपासून वीतभर वर ठेवूनच चालवायचं, उचलायचं ते गाडीपाशी पोचल्यावर. फ्रेमला मागे जाळीची पाठ हवीच. बाहू वर जाताना फोर्क मागे झुकतात आणि वरचं कॅरेट बॉनेटवरून थेट चालकाच्या मांडीवर येतं. मांडीवर आलं तर नशीब म्हणायचं.

पॅलेटबद्दल एक छोटासा गैरसमज. निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि एचटी असा शिक्का असतो. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर निदान 30 मिनिटं तापवलंय, किडीसाठी. ते मजबूत आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पॅकहाउसमधून टाकलेली पॅलेट घेताना फळ्या ठोकून बघा.

आता माझं मत. द्राक्षाच्या ओळींमध्ये पुढचा लोडर नकोच. मांडवाखाली उंची कमी, ओळीच्या टोकाला वळायला जागा कमी, आणि पुढे मीटरभर लोखंड. बागेतून माल बाहेर काढायला मागच्या थ्री-पॉइंटवर बसणारे फोर्क बरे. भार मोठ्या चाकांवर येतो, किंमत कमी, आणि काढले की ट्रॅक्टर फवारणीला मोकळा. महिंद्रा जिवो 245 सारख्या 24 एचपी ट्रॅक्टरची मागची उचल 750 किलो सांगितली जाते. अर्थात तोही आकडा खालच्या लिंकच्या टोकाचा. पॅलेटच्या मध्यावर तो बराच खाली येतो आणि पुढची चाकं उचलली जाऊ नयेत म्हणून पुढे वजन लावावं लागतं. मागचे फोर्क पिकअपच्या हौद्यापर्यंत पोचत नाहीत, ही खरी अडचण. रोज गाड्या भरायच्या असतील, शेडसमोर काँक्रीट असेल आणि मागे टांगायला ठोकळा तयार असेल, तर पुढचा लोडर घ्या.

घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: पिनेपुढे 500 मिलिमीटरवर, पूर्ण उंचीला, हा लोडर किती किलो उचलतो? उत्तर बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल, तर दुसरं दुकान बघा.