लघवीची धार आणि सोनोग्राफीचा कागद

मंडळी, साहित्याच्या व्यासपीठावर लघवीचा विषय काढतोय, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण समोर साठी ओलांडलेले बरेच जण दिसतात, आणि घरात हा विषय कोणी काढत नाही.

सोनोग्राफीचा कागद हातात आला की सगळे एकच आकडा बघतात, प्रोस्टेट किती ग्रॅमची. तरुणपणी ती साधारण 20 ग्रॅमची असते; 50 निघाली की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. पण नुसत्या आकारावरून अडथळा ठरत नाही. ग्रंथी बाहेरच्या बाजूला वाढली तर 80 ग्रॅमची असूनही धार बरी राहू शकते. मधला भाग बुचासारखा मूत्राशयात घुसला, तर 30 ग्रॅमचीही वाट अडवते. हे घुसणं सोनोग्राफीत मोजता येतं. 10 मिलिमीटरच्या वर गेलं तर शंका बळावते. सतत जोर लावून मूत्राशयाची भिंतही जाड होते, तालमीतल्या दंडासारखी.

सगळ्यात मोलाचा आकडा मात्र लघवी करून आल्यावरचा, आत किती उरली हा. 50 मिलिलिटरच्या आत असेल तर सहसा काळजी नसते.

माझ्याकडे सत्तरीचे एक अण्णा यायचे. चौविहार पाळणारे. सूर्यास्तानंतर पाणी नाही, त्यामुळे रात्री उठणं कमी, आणि त्यावरून ते स्वतःला ठणठणीत समजायचे. दिवसा धार बारीक होती, थेंब थेंब गळायचं; मी वर्षभर लक्षणांवरून गोळ्या देत राहिलो. ती माझी चूक. सोनोग्राफी केली तेव्हा ग्रंथी जेमतेम 35 ग्रॅमची, पण आत उरलेली लघवी 400 मिलिलिटर, आणि दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली. दुखत काहीच नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांना युरोसर्जनकडे पाठवलं. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात आधी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन, गोळ्यांचं नंतर.

याची उलटी बाजूही आहे. तपासणीआधी बाटल्यांमागून बाटल्या पाणी प्यायला लावतात, नंबर दोन तासांनी येतो. इतकं तुंबलेलं मूत्राशय निरोगी माणसाचंही नीट रिकामं होत नाही, आणि कागदावर आकडा फुगतो. अशा वेळी घाबरू नका, बेताच्या कळेवर पुन्हा मोजून घ्या. तरीही जास्तच निघाला, तर दोष ग्रंथीचा की थकलेल्या मूत्राशयाचा, हे सोनोग्राफी एकटी सांगू शकत नाही. त्यासाठी धारेचा वेग आणि आतला दाब मोजावा लागतो.