पावसाआधी पोहोचणारी फाइल

मृग लागला की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पैठणपासून कन्नडपर्यंत, एकच प्रश्न कानावर येतो: पेरायचं की थांबायचं? कपाशीचं बी मातीत गेलं आणि पावसानं ओढ दिली, तर दुबार पेरणी नशिबी आलीच. अशा वेळी उद्याच्या पावसाचा अंदाज परवा हाती आला, तर तो कितीही अचूक असो, शेतकऱ्याच्या काय कामाचा?

हा अंदाज जिथे घडतो, त्या पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक आहे. त्याचं लोकार्पण 26 सप्टेंबर 2024 रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे झालं. पंतप्रधानांचा त्या दिवशीचा पुणे दौरा मुसळधार पावसामुळेच रद्द झाला होता. अर्कची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे 11,770 लाख कोटी आकडेमोडी. कौतुक नेहमी याच आकड्याचं होतं. पण अर्कच्या पोटात 33 पेटाबाइट साठाही आहे, म्हणजे एक टेराबाइटच्या 33,000 हार्डडिस्क भरतील एवढा. अंदाज वेळेत निघणं या साठ्याच्या रचनेवरही तितकंच अवलंबून असतं.

जाधववाडीच्या बाजार समितीत मक्याच्या शेकडो गाड्या एकदम आल्या आणि वजनकाटा एकच असला, तर रांग थेट रस्त्यावर येणार. हजारो प्रोसेसर वारा, बाष्प, तापमान यांचे आकडे एकाच वेळी एका डिस्कवर लिहू लागले, तर तेच होतं. यावरचा उपाय म्हणजे वितरित फाइल सिस्टीम. त्यातली ‘लस्टर’ फार नावाजलेली. 1999 मध्ये पीटर ब्राम यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात तिचं काम सुरू केलं आणि आज जगातले अनेक मोठे महासंगणक तिच्यावर चालतात. तिच्यात एका फाइलचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरवर एकाच वेळी लिहिले जातात. कोणता तुकडा कुठे ठेवला, याची नोंदवही वेगळा सर्व्हर सांभाळतो. एकाच जागी दोघांनी लिहून आकडे बिघडू नयेत, म्हणून कुलपं असतात. एखादी डिस्क बंद पडली, तर तिच्यावरचा मजकूर उरलेल्या डिस्कवरच्या जादा नोंदींतून पुन्हा उभा करता येतो.

खरी कसोटी वेळेची. नऊ काटे झपाट्यानं चालले आणि दहावा रखडला, तर पूर्ण माल मोजून व्हायला दहाव्याचीच वाट पाहावी लागते. म्हणून सरासरी वेग चांगला असून भागत नाही. सर्वांत संथ डिस्कवरही नजर ठेवावी लागते. नाही तर महागडे प्रोसेसर हात बांधून बसतात.

26 मे 2025 रोजी देशाला अर्पण झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या अंदाज प्रणालीमुळे हे काम आणखी वाढलं. अंदाजासाठी नकाशावर आखलेल्या चौकोनांची पूर्वीची 12 किलोमीटरची जाळी आता 6 किलोमीटरची झाली आहे. ढोबळमानानं एका चौकोनाचे चार झाले आणि आकडेमोडीची पावलंही लहान करावी लागली, म्हणजे कष्ट सुमारे आठपट. तरीही आधीच्या ‘प्रत्युष’ महासंगणकाला जिथे दहा तासांपर्यंत लागत, तिथे अर्क चारेक तासांत काम उरकतो. एका शिवारात चिखल आणि शेजारच्या शिवारात धूळ, हे मराठवाड्याचं नेहमीचं दुखणं. त्यामुळे बारीक जाळीचं मोल इथे अधिक.

सकाळी साडेआठला चिकलठाण्याच्या वेधशाळेत मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजला जातो. मिलिमीटरमधला तो आकडा आदल्या दिवशीच्या अंदाजाशेजारी ठेवून पडताळला जातो. तोवर तिकडे पुढच्या अंदाजाचे आकडे डिस्कवर उतरू लागलेले असतात.