गळ टाकण्यापूर्वी : नागपूर परिसरातील मासेमारी, तिचे साहित्य आणि परवानगी

नागपूर : पावसाळा ओसरला, तलाव काठोकाठ भरले आणि दिवाळीची सुट्टी लागली की शहरातील व भोवतालच्या गावांतील अनेक तरुणांची पावले गळ-दोरी घेऊन पाण्याकडे वळतात. पुढे राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू झाला की शुक्रवारच्या जेवणासाठी ताज्या मासळीची आठवण होते आणि हा छंद पुन्हा डोके वर काढतो. छंद निर्दोष आहे, मनाला विसावा देणारा आहे. परंतु 'शिकारीचा आणि मासेमारीचा परवाना कुठे मिळतो?' असा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील तरुण जेव्हा एका दमात विचारतात, तेव्हा त्यांना हे स्पष्ट सांगणे आवश्यक ठरते की या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने पूर्णतः भिन्न आहेत. त्यांची गल्लत केल्यास प्रसंगी तुरुंगाचे दार पाहावे लागते.

प्रथम शिकारीविषयी, कारण तो भाग थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताच्या जंगलांचे शिकारीसाठी विभाग पाडलेले असत आणि वनखात्याकडून परवाना घेऊन शिकार करता येई. घरातील एखाद्या जुन्या छायाचित्रात आजोबा किंवा पणजोबा बंदूक घेऊन उभे असतील, तर ते त्या काळातील असावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू झाल्यावर तो अध्याय संपला. छंद म्हणून शिकार करण्याचा कोणताही परवाना आज अस्तित्वात नाही. ससा, तितर, लाव्हे यांचीही शिकार हा गुन्हाच आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्यांच्या बाबतीत शेतकऱ्याला वनाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करता येतो. मात्र तो शेतीच्या रक्षणाचा उपाय आहे, हौसेची सोय नव्हे. रानडुकरासाठी शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारेने विदर्भात वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत. तेव्हा गोफण, फासे, भरमार बंदूक या गोष्टी सहलीच्या सामानात नसाव्यात.

मासेमारीचा प्रश्न निराळा आहे आणि अधिक गुंतागुंतीचाही. येथे पहिला प्रश्न 'मासा कोणता?' हा नसून 'पाणी कोणाचे?' हा आहे.

तलावाचे पाणी उघड्यावर असते, त्याला कुंपण नसते, म्हणून त्यातील मासे सर्वांचे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तलावाची मालकी जलसंपदा विभागाची, जिल्हा परिषदेची, ग्रामपंचायतीची, महानगरपालिकेची किंवा वनविभागाची असते आणि त्यातील मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी ठरावीक मुदतीच्या ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो. या संस्थेचे सभासद बहुधा भोई व ढिवर समाजातील असतात. ठेक्याची रक्कम भरून त्यांचे काम संपत नाही. पावसाळ्यात ते मत्स्यबीज केंद्रातून बीज विकत आणतात. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांना मत्स्यजिरे म्हणतात, तीच बोटाएवढी वाढली की मत्स्यबोटुकली होतात. ही बोटुकली तलावात सोडून, राखण करून, काही महिन्यांनी विक्रीयोग्य मासा हाती येतो. म्हणजे रविवारी सकाळी आपण गंमत म्हणून ओढलेला किलोभर वजनाचा रोहू हा पुष्कळदा कोणीतरी पैसे देऊन पेरलेला व वाढविलेला असतो. दुसऱ्याच्या शेतातील हरभरा उपटताना आपल्याला जो संकोच वाटतो, तो येथेही वाटला पाहिजे. अशा काठावर एखाद्या हौशी मंडळीची आणि राखणदाराची बाचाबाची झाली तर चूक बहुधा हौशी मंडळीचीच असते, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे.

यास्तव क्रम असा ठेवावा. ज्या गावाच्या हद्दीत तलाव आहे तेथील ग्रामपंचायतीत जाऊन ठेका कोणत्या संस्थेकडे आहे याची विचारणा करावी. संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटून एका गळाने, घरापुरते मासे धरण्याची परवानगी मागावी आणि ती शक्यतो लेखी घ्यावी. संस्था शुल्क आकारीत असेल तर पावती जवळ बाळगावी. ठेकाच झालेला नसेल किंवा मालकीविषयी संभ्रम असेल, तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्तांकडे विचारावे. मुंबईच्या पवई तलावावर गळाने मासेमारी करणाऱ्यांची जुनी संघटना आहे. तेथे सभासदत्वाची घडी बसलेली आहे. आपल्याकडे तशी सोय नसल्याने ही विचारपूस स्वतःच करावी लागते. पण तिचा एक लाभ असा की काठावरच्या ढिवर बांधवांशी ओळख होते आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या कोपऱ्यात, कोणता मासा लागतो हे त्यांच्याइतके कोणत्याही पुस्तकाला ठाऊक नसते.

आता ज्या ठिकाणाचे नाव तरुणांच्या तोंडी हमखास येते, त्या तोतलाडोहाविषयी. पेंच नदीवरील हा जलाशय महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्या सीमेवर, घनदाट अरण्यात पसरलेला आहे. मध्य प्रदेशाच्या बाजूस १९९२ साली आणि महाराष्ट्राच्या बाजूस १९९९ साली पेंच व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. तेथील मासे मोठे, ही ख्याती खरी आहे; परंतु जलाशय व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात असल्याने तेथे मासेमारी करता येत नाही. चोरून जाळे टाकणाऱ्यांवर वनविभागाची कारवाई होते. 'आम्ही तर फक्त गळ टाकला' ही सबब तेथे चालत नाही.

या जलाशयाची एक कहाणी मात्र सांगितली पाहिजे, कारण परवाना म्हणजे केवळ कागद नव्हे हे तिच्यावरून कळते. राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रातून बाहेर काढलेल्या गावांतील आदिवासींचा पेंच नदीतील मासेमारीवर पूर्वापार निर्वाह होता. मध्य प्रदेश शासनाने अशा ३०५ जणांना तोतलाडोहात मासेमारीचे परवाने दिले. त्याविरुद्ध वन्यजीवांच्या बाजूने एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च १९९७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. जंगल टिकले पाहिजे हे न्यायालयाने ठामपणे सांगितले. त्याचबरोबर ज्यांचे घरदार गेले त्यांच्या उपजीविकेचाही विचार झाला पाहिजे, असे मानून ते परवाने रद्द केले नाहीत. अटी मात्र कडक घातल्या : परवानाधारकाजवळ छायाचित्र असलेले ओळखपत्र हवे, काठावर स्वयंपाकासाठीही आग पेटवायची नाही, प्लास्टिकच्या पिशव्या व कचरा टाकायचा नाही, रोज पकडलेल्या माशांची नोंद ठेवली जावी. पुढे काळ पालटला आणि आज ते परवाने इतिहासजमा झाले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने मासे व जलाशयातील अन्य उत्पन्नावरील सामूहिक हक्कास मान्यता दिली आहे. तरीही संरक्षित क्षेत्रांतील पाण्यावर कोणाचा किती अधिकार, हा वाद मिटलेला नाही. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांना तेथे जाळे टाकता येत नसताना आपण हौसेखातर तेथे चोरवाटेने जावे, हे कोणत्याच न्यायात बसत नाही.

मग जावे कोठे? पेंचचेच पाणी पुढे पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरी येथे अडविले आहे. नागपूरकरांच्या नळाला येणारे पाणी मुख्यत्वे तेथूनच येते, म्हणून धरणाच्या लगतचा व कालव्याच्या तोंडाचा भाग वर्ज्य समजावा. रामटेकजवळचा खिंडसी तलाव, तसेच वेणा व कोलार नद्यांवरील धरणांचे जलाशय हे सिंचनाचे पाणी आहे. तेथे वर सांगितल्याप्रमाणे ठेकेदार संस्थेचा शोध घेऊन जावे. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्दचा विस्तार मोठा आहे. परंतु उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य त्याच परिसरात असल्याने आपण कोणत्या काठावर उभे आहोत हे आधी ठरवून घ्यावे. शिवाय नागपूरचे सांडपाणी घेऊन जाणारी नाग नदी कन्हानमार्गे शेवटी याच पाण्यास मिळते. नाग आणि पिवळी या नद्यांतील मासा कितीही ताजा दिसला तरी खाऊ नये.

पूर्वेकडे भंडारा-गोंदियात गेल्यास मालगुजारी तलावांचे निराळेच जग दिसते. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले हे तलाव १९५० नंतर मालगुजारी गेल्यावर शासनाकडे आले. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांच्या साथीने बेशरमाची झुडपे उपटून, तळाला देशी पाणवनस्पती लावून काही तलाव पुन्हा सजीव केले आहेत. अशा तलावांत मरळ, वाम, शिंगटी यांसारखे मूळचे मासे परततात. तेथे गळ टाकण्यापेक्षा काठावर बसून पाहण्यातच अधिक आनंद आहे, हे थोडे विषयांतर झाले तरी लिहावेसे वाटते.

साहित्याच्या बाबतीत नवशिक्याने फार खर्च करू नये. बांबूची लवचिक, पुरुषभर उंचीहून थोडी अधिक लांब काठी, नायलॉनचा तंगूस, मध्यम आकाराचे चार-सहा गळ, ज्वारीच्या वाळक्या धांड्याचा तुकडा तरंगत्यासाठी आणि वजनासाठी लोखंडी नट एवढे पुरेसे आहे. शिशाच्या गोळ्या टाळाव्यात. त्या तुटून तळाशी राहतात आणि पाणपक्ष्यांच्या पोटात जाऊन त्यांना विषबाधा होते. फिरकी लावलेली काठी घ्यायची असल्यास ती वर्षभर बांबूवर हात बसल्यानंतर घ्यावी. मासा कोणत्या थरात चरतो त्यावर तरंगत्याची जागा ठरते. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी अन्न शोधतो. या तिघांसाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेली घट्ट गोळी चालते. मरळ व शिंगटी हे मांसाहारी असल्याने त्यांना गांडूळ लागते. पहाटेची व सूर्यास्ताआधीची वेळ चांगली. मात्र पहाटे मासे मोठ्या संख्येने वर येऊन तोंड उघडताना दिसले, तर ती संधी समजू नये. रात्री शेवाळाने पाण्यातील प्राणवायू वापरून टाकल्यामुळे ते घुसमटत असतात. अशा पाण्यात गळ न टाकता संस्थेला कळवावे.

जाळे हे हौशी माणसाचे साधन नव्हे. जाळ्याचा आस किती असावा यावर पुढच्या वर्षीचा मासा अवलंबून असतो. मच्छरदाणीसारखे बारीक जाळे ओढले की बोटुकलीदेखील संपते. स्फोटक वा विष टाकून मासे मारणे तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा ठरविलेले आहे. विजेचा प्रवाह सोडण्याचा नवा प्रकारही तितकाच निंद्य आहे, आणि त्यात पाण्यात उतरलेला माणूसच प्रथम मरतो.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर नाल्यांतून उलट दिशेने चढणारे मासे पकडण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. चढणीचे हे मासे अंडी घालण्यासाठी निघालेले असतात. एका भरलेल्या मादीच्या पोटात लाखांच्या हिशेबात अंडी असू शकतात. शेजारच्या मध्य प्रदेशात म्हणूनच १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंद काळ असतो. सीमेपलीकडे जाणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. आपल्या बाजूसही या दोन महिन्यांत गळ घरी ठेवणे इष्ट. पुराच्या दिवसांत धरणाच्या खालच्या अंगास उभे राहू नये. दरवाजे उघडण्यापूर्वी भोंगा वाजतो, पण पाणी पोहोचण्यास फार वेळ लागत नाही. ओली काठी घेऊन विजेच्या तारांखाली जाऊ नये, आणि आभाळात गडगडाट सुरू होताच काठ सोडावा. दगडाच्या सोडून दिलेल्या खाणींत साचलेले पाणी शांत दिसते, पण त्याचा काठ एकदम तुटलेला असतो. पोहता न येणाऱ्याने तेथे जाऊच नये आणि पोहता येणाऱ्यानेही एकट्याने जाऊ नये.

कधी गळाला मासा न लागता कासव लागते. गोड्या पाण्यातील आपल्याकडची मऊ पाठीची कासवे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत आहेत. ते घरी नेणे हा गंभीर गुन्हा होय. गळ वरवर अडकला असेल तर अलगद सोडवून कासव तेथेच पाण्यात सोडावे. खोल घशात गेला असेल तर ओढाताण न करता वीतभर दोरी ठेवून ती कापावी, कासव ओल्या गोणपाटात ठेवावे व वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. नागपुरात जखमी वन्यजीवांसाठी वनविभागाचे उपचार केंद्र आहे, आणि आपल्या वाचकांना ते शोधावे लागणार नाही : सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे जिला नाव मिळाले त्या सेमिनरी हिल्सवरच ते आहे. तुटलेल्या तंगुसाचा गुंता मात्र काठावर न टाकता खिशात घालून घरी आणावा व जाळण्याऐवजी बारीक कापून कचऱ्यात टाकावा, कारण हिवाळ्यात उतरणाऱ्या पाणपक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.