चाळीसगावचा टांगा आणि काठियावाडचा थर्मामीटर

पाय मोडलेला रुग्ण आला की डॉक्टर आधी विचारतो, "कसे पडलात?" उत्तर बहुधा सरळ असते. मोटारसायकल घसरली, बैलाने ढकलले, न्हाणीत पाय सटकला. पण आपल्याच खानदेशात १९२९ साली मोडलेल्या एका पायाची हकीकत इतकी सरळ नाही.

अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा खानदेशात आले होते. धुळे लाइनीवरच्या एका गावातील बहिष्काराची माहिती घेऊन ते आगगाडीने चाळीसगावला परतले. वस्तीतली मंडळी हार घेऊन स्टेशनावर हजर होती. वस्ती सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे. बाहेर टांगे उभे होते, तरी तासभर कोणी हलेना. अखेर एक टांगा आला. दोनशे पावले जातो न जातो तोच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीला कठडे नव्हते, कडेला नुसते दगड रोवलेले. वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले जाऊन बेशुद्ध पडले. घोडा-टांगा खाली नदीत. पायाचे हाड मोडले आणि कित्येक दिवस हिंडणे-फिरणे बंद झाले.

चौकशीअंती कारण कळले. अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याने पायी यावे हे वस्तीला पटेना. मग तडजोड निघाली: टांगा भाड्याने घ्या, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. ज्याने लगाम हाती धरला त्याने पूर्वी कधी टांगा हाकलाच नव्हता! ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. परदेशात शिकलेला बॅरिस्टर असला तरी टांगेवाल्याच्या लेखी त्याची जात तेवढी खरी.

वाचकहो, यात कोणी कोणाला मारले नाही. फक्त नकार दिला. हाड मोडायला तेवढे पुरले.

त्याच आठवणींत काठियावाडातील एका शिक्षकाचे पत्र दिले आहे. तेही १९२९ सालचे, गांधीजींच्या 'यंग इंडिया'त छापलेले. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. जुलाब, छातीत सूज, श्वास लागलेला. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसांनी रदबदली केली, फीची हमी दिली, तेव्हा तो आला. पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायचे, या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला. परत आला तोही त्याच वाटेने. दिव्याच्या उजेडात पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे. औषध दिले, पण हात लावला नाही. ती बाई वाचली नाही. श्वास लागलेल्या ओल्या बाळंतिणीला न तपासता दिलेले औषध म्हणजे अंधारात मारलेला खडा. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे केले याची लाज आम्हालाच वाटली पाहिजे.

आज दवाखान्यात जातीवरून प्रवेश नाकारणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण वस्ती जिथे बसवली होती, बहुतेक गावी तिथेच आहे. गावकुसाबाहेर, नाल्याकाठी, नळाच्या शेवटच्या टोकाला. पाण्याचा दाब तिथे सर्वांत कमी, आणि गळक्या पाइपात नाल्याचे पाणी शिरण्याचा धोका जास्त. पावसाळ्यात जुलाब-काविळीची साथ आली की कार्यकर्त्यांनी आधी हे शेवटचे नळ तपासावेत.

उन्हाचेही तसेच. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्या लोकांच्या वस्त्या तांबड्या रंगाने दाखवत आणि तिथे घरकर्ज मिळत नसे. शंभराहून अधिक शहरांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली, तीत या तांबड्या वस्त्या इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंशांनी अधिक तापलेल्या आढळल्या. झाडे कमी, डांबर-काँक्रीट जास्त. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे बिनझाडाच्या वस्तीत पत्र्याखाली झोपणाऱ्या म्हाताऱ्याला एक-दोन अंशही भारी पडतात. पत्र्यावर चुना फासावा, दुपारी ओल्या फडक्याने अंग पुसावे. घाम थांबून अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर तो उष्माघात. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायला लागा आणि लगेच १०८ ला फोन करा.

वाहनावरून पडून पाय मोडला असेल तर पाय सरळ करू पाहू नये. आहे तसाच दोन्ही बाजूंनी फळ्या लावून बांधावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. श्वास चालू आहे ना हे पाहत राहावे आणि मान न हलवता रुग्णवाहिकेची वाट पाहावी. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तुमच्या वस्तीला नवे नाव मिळाले असेल तर ते घरातल्या पोरांनाही पाठ असू द्या, आणि फोनवर नावाबरोबर जवळची शाळा किंवा पाण्याची टाकी ही खूणही सांगा.