एका मताचे वजन
मतदाराचे अंकगणित : लेखांक ६

मतदार यादीत आपले नाव कसे तपासायचे आणि घर बदलल्यावर नमुना ८ का भरायचा, ते आपण मागच्या लेखांकात पाहिले. नाव यादीत आले की उरते ते केंद्रावर जाणे. पण अनेकांचे पाऊल नेमके इथेच अडते. ‘लाखो लोक मत देतात, माझ्या एकट्याच्या मताने काय होणार?’ हा प्रश्न आळशी माणसाचा म्हणून झटकून टाकता येईल, पण ते योग्य नाही. प्रश्न हिशेबाचा आहे, तेव्हा उत्तरही हिशेबानेच द्यायला हवे.

आधी शंकेची बाजू पाहू. आपल्या एका मताने निकाल फिरायचा, तर बाकीच्या सगळ्या मतांत बरोबरी किंवा एकाच मताचा फरक असावा लागतो. असे क्वचितच घडते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९५७ मध्ये हेच कोडे मांडले. केंद्रापर्यंत जाण्याचा त्रास ठरलेला असतो आणि निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असते. मग फक्त स्वतःचा फायदा पाहणारा माणूस मत द्यायला जाईलच कशाला? या गणितात चूक नाही.

पण क्वचित म्हणजे कधीच नाही, असे नव्हे. २००८ मध्ये राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी यांना ६२,२१५ मते पडली, तर भाजपचे कल्याणसिंह चौहान यांना ६२,२१६. त्याआधी २००४ मध्ये कर्नाटकातील सांथेमरहळ्ळी येथे ध्रुवनारायण हेही एकाच मताने आमदार झाले. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेना आणि भाजपच्या उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते मिळाली. फेरमोजणीनंतरही बरोबरी सुटली नाही, तेव्हा चिठ्ठी काढावी लागली आणि भाजपचे अतुल शहा नगरसेवक झाले. त्या दिवशी घरी राहिलेल्यांपैकी एक जण जरी खाली उतरून या दोघांपैकी एकाला मत देऊन आला असता, तर पाच वर्षांचा निर्णय चिठ्ठीवर सोडावा लागला नसता.

निवडणूक जितकी लहान, तितके एका मताचे वजन जास्त. ग्रामपंचायतीच्या प्रभागात मतदारच काही शे असतात. नळाचे पाणी, गटार, गावातला रस्ता ही रोजची कामे तिथेच ठरतात. लोकसभेला हिरिरीने मत देणारा माणूस महापालिकेच्या निवडणुकीला घरी बसतो, तेव्हा जिथे त्याचे वजन सर्वांत जास्त असते, नेमके तिथेच तो ते वापरत नाही.

आता मोठ्या निवडणुकीकडे येऊ. २०२४ मध्ये मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांचा ४८ मतांनी पराभव केला. मतदार होते सतरा लाखांहून अधिक आणि मतदान झाले सुमारे ५५ टक्के. इथेही शंकेखोर म्हणेल की फरक ४८ चा होता, माझे एक मत वाढून काय झाले असते? त्याचे म्हणणे खरे आहे. पण ४८ मते म्हणजे एखाद्या गृहनिर्माण संस्थेतली वीस-बावीस घरे. त्या घरांतल्या प्रत्येकाने ‘माझ्या एकाने काय होणार’ असे म्हटले, तर प्रत्येकाचे गणित बरोबर आणि सगळ्यांचे मिळून चूक. निकाल एकट्या मताने फिरत नसला, तरी तो एकेका मतानेच बनतो.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. मताचे काम फक्त जिंकणारा ठरवण्याचे नसते. आपण कोणाला मत दिले ते गुप्त राहते. आपल्या मतदान केंद्राने काय केले, ते मात्र गुप्त राहत नाही. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. मतदान यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राची मोजणी वेगळी होऊ लागली. निकालानंतर ‘नमुना २०’ हा तक्ता प्रसिद्ध होतो. त्यात केंद्रवार, उमेदवारवार मते दिलेली असतात. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ यंत्र वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला, आणि विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. विरोधात मत देणाऱ्या वस्तीवर सूड उगवला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. ते यंत्र अजून वापरात आलेले नाही.

म्हणजे आपल्या हजार-बाराशे मतदारांच्या केंद्रावर किती जण आले आणि कोण पुढे राहिला, हे प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याला ठाऊक असते. पुढच्या वेळी प्रचार कुठे करायचा, कोणाच्या तक्रारीची दखल आधी घ्यायची, हे तो याच आकड्यांवरून ठरवतो. जिथे मतदान भरपूर होते आणि अंतर कमी असते, ती वस्ती दोन्ही बाजूंना महत्त्वाची वाटते. जिथे निम्मे लोक फिरकतच नाहीत, तिथे राजकारण्याला भीतीही नसते आणि आशाही नसते. आपले उमेदवार हरले तरी त्यांना दिलेले मत या तक्त्यात नोंदले जाते आणि जिंकलेल्याला ते दिसते. एका मताचे खरे वजन इथे आहे.

तेव्हा एक काम जरूर करा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर जाऊन गेल्या विधानसभेचा नमुना २० उघडा आणि आपले केंद्र शोधा. त्यात प्रत्येक उमेदवाराचा रकाना आहे. ज्यांना एकही उमेदवार पसंत नव्हता, त्यांच्यासाठी ‘नोटा’चाही आहे. जे घरी राहिले, त्यांच्यासाठी मात्र एकही रकाना नाही.

(पुढील लेखांकात : ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर काय होते?)